अकोला की अमरावती? आधी तिला विचारा!

मागच्या उन्हाळ्यात एका नात्यातल्या घरी गेले होते. घरधनी दोन वर्षांत निवृत्त होणार. बैठकीत कूलर सुरू, समोर डायरी उघडी, आणि डायरीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेले. एका रकान्यावर अकोला, दुसऱ्यावर अमरावती. निवृत्तीनंतर कुठं राहायचं, याचा हिशेब चालला होता. अमरावती थोडी उंचावर, म्हणून रात्री वारा तरी लागतो. अकोला मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, उठलं की गाडी मिळते. अमरावतीकराला मात्र बहुतेक गाड्यांसाठी बडनेरा गाठावं लागतं. अमरावतीला अप्पर वर्ध्याचं पाणी, अकोल्याला काटेपूर्णेचं. चिखलदरा अमरावतीहून जवळ. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमानही सुरू झालं. साडू, मेहुणे, शेजारी सगळे आपापलं मत देत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यापुढं वहिनी उभी. पंखा बंद, कारण गॅसची ज्योत हलते. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?" ती हसली. म्हणाली, "मले कोनं पुसलं वं बाई आजवर? ट्रक भरला का मी बसली."

लग्न झालं तेव्हा ही बाई एका बालवाडीत शिकवत होती. नवऱ्याची बदली झाली, बालवाडी सुटली. पुढच्या गावी शिवणवर्ग सुरू केला, तो जरा बसायला लागला तर पुन्हा बदली. तिसऱ्या गावी भिशीतल्या बायकांना जमवून पापड-कुरडयांचं काम उभं केलं, तेही तिथंच राहिलं. पाच गावं, पाच वेळा नव्यानं ओळखी, पाच वेळा नवा नळ आणि त्याची नवी वेळ. डायरीच्या दोन रकान्यांत यातलं काहीच नव्हतं.

मैत्रिणींनो, ही एका घराची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या पाहणीत देशातल्या स्त्रियांपैकी ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आढळल्या. पुरुषांमध्ये हेच प्रमाण १०.७ टक्के. म्हणजे या देशात गाव सोडते ती मुख्यतः बाई. का सोडते? त्याच पाहणीनुसार स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी सांगितलेलं कारण एकच : लग्न. एवढं मोठं स्थलांतर कुठल्या दुष्काळानं केलं नाही की कुठल्या धरणानं. पण त्याला आपण स्थलांतर म्हणतच नाही. त्याला आपण "पाठवणी" म्हणतो आणि सनई लावतो.

म्हणूनच "राहण्यासाठी कुठलं शहर चांगलं?" हा प्रश्न मला पुरुषी प्रश्न वाटतो. प्रश्न वाईट आहे असं नाही. चांगली हवा, भरपूर पाणी, जवळ दवाखाना, संध्याकाळी फिरायला रस्ता हे प्रत्येकाला हवं. पण हा प्रश्न विचारायची सवड आणि सत्ता ज्याच्याकडं आहे, त्यालाच तो सुचतो.

हवा कोणाची?

आता हवेचंच घेऊ. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, भरदुपारी शिकवणी वर्ग घेऊ नका, असे आदेश निघाले. चांगलंच झालं. दर उन्हाळ्यात सांगितलं जातं : दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे घर थंड असतं. कोणाचं घर? टिनाच्या छपराखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, पेटत्या शेगडीपुढं जी उभी आहे तिच्यासाठी घर ही सावली नाही, भट्टी आहे. तिच्या स्वयंपाकघराला कुठलंच कलम लागू होत नाही.

वऱ्हाडात कूलर घरोघर आहे. तो कुठं बसवतात ते बघा : बैठकीच्या खिडकीत. त्यात पाणी कोण भरतं? बाई. दुपारी त्याच्यासमोर कोण झोपतं? ते सांगायला नको. रात्री गच्चीवर अंथरुणं पडतात तीही आधी बापे-पोरांची. घरातल्या तरण्या लेकी-सुना उघड्यावर कशा झोपतील, म्हणून त्या खाली, दार लावून. आणि ज्या शेतमजूर आहेत त्यांचं काय? मे महिन्यात पऱ्हाटीची धसकटं वेचायला शेतात बाईच असते. तिला घराबाहेर पडू नका म्हणणारा तिची त्या दिवसाची मजुरी देत नाही.

म्हणजे एकाच अकोल्यात दोन अकोले आहेत. एक बैठकीतलं, एक ओट्यापुढचं. एकाच अमरावतीत दोन अमरावत्या आहेत. डायरीतले रकाने बैठकीतल्या शहरांची तुलना करत होते.

पाण्याचंही तसंच. अमरावतीत एक दिवसाआड आणि अकोल्यात कधी तीन, कधी पाच दिवसांआड, टंचाईच्या साली त्याहूनही उशिरा. हा फरक पुरुषाच्या हिशेबात "पाण्याची जरा अडचण" एवढाच असतो. बाईच्या हिशेबात हाच फरक म्हणजे टाकी, ड्रम, गुंड, कळशा, नळाच्या वेळेला घरी असण्याची सक्ती, आणि त्यापायी सुटलेली नोकरी, हुकलेली बैठक, मोडलेली झोप. शहर निवडायचंच असेल तर तापमानाआधी नळाची वेळ विचारली पाहिजे. ती वेळ कोणाला पाठ असते?

"मुली फार चढेल झाल्यात"

आता दुसरी बाजू. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. विहीर खोदली, हातपंप बसवला, तरी पाणी खारंच. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी इथं वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्यासाठी ८४ खेडी योजना आली, पण ज्या गावात नळ येत नाही त्या दिवशी गोड्या पाण्यासाठी वणवण बाईचीच. या पट्ट्यातल्या गावांत मुलगी द्यायला लोक कचरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात शेतकरी नवरा नको, पुण्याचा नोकरीवाला पाहिजे, ही मुलींची अट. मग पारावर सुरू होतं : मुली चढेल झाल्यात, आईबापांनी डोक्यावर चढवून ठेवल्यात, शेतकऱ्याच्या पोरांनी जायचं कुठं?

या पोरांचं दुःख खोटं नाही. कापसाच्या भावानं आणि कर्जानं त्यांची उमेद मारली आहे, याची जाणीव आपल्याला आहे. पण मुलींवर राग काढणाऱ्यांना माझा सवाल आहे. पोरगा स्वतः पुण्याला गेला तर तुम्ही त्याला कर्तबगार म्हणता. पुण्याची हवा चांगली, तिथं काम आहे, पाणी आहे, असं त्यानं म्हटलं तर तो शहाणा. तेच मुलीनं म्हटलं तर ती चढेल कशी? त्याला गाव बदलायला एसटीचं तिकीट पुरतं. तिला गाव बदलायला नवरा लागतो. तिच्या हातात सगळ्या जन्मात एकच मत येतं, तेही एका दिवसासाठी, कांदेपोह्यांच्या. ते तिनं खाऱ्या पाण्याच्या, उन्हाच्या, निंदणा-वेचणीच्या विरोधात टाकलं तर राग तिच्यावर का? तिच्या नकारात या प्रदेशाच्या विकासाचा जो निकाल लागला आहे, तो नीट वाचा.

पण, मैत्रिणींनो, आपणही फसायचं कारण नाही. नवऱ्यामार्फत निवडलेलं शहर ही उसनी निवड असते. पुण्याच्या दोन खोल्यांत सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत उघडत नाही, ओळखीचं माणूस नाही, माहेरची भाषा ऐकू येत नाही, अशा किती वऱ्हाडी लेकी आपल्याला माहीत आहेत! गाव सुटलं, पण निर्णय हाती आला नाही. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीची कथा आपल्याकडं कौतुकानं सांगतात. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं, असं आपली दंतकथा म्हणते. तिनं पत्र लिहून वर निवडला. द्वारका मात्र कृष्णाची आधीच वसलेली होती.

कायदा काय म्हणतो?

"बायकोनं नवऱ्याच्या गावी राहायचं, हा तर कायदाच आहे," असं ऐकवलं जातं. या मुद्द्यावर आपल्या आज्यांनी लढून ठेवलं आहे. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं त्या डॉक्टर झाल्या. लंडन, सुरत, राजकोट ही गावं त्यांनी आपल्या शिक्षणासाठी आणि कामासाठी जवळ केली.

नव्वद वर्षांनी, १९७७ साली, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं एका शिक्षिकेला पुन्हा तेच ऐकवलं : नोकरीसाठी वेगळ्या गावी राहण्याचा एकतर्फी हक्क बायकोला नाही. पण लगेच पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं स्वराज गर्ग खटल्यात वेगळी वाट धरली. बाई पंजाबात सुनामला मुख्याध्यापिका, नवरा दिल्लीत. न्यायालय म्हणालं, संसार कुठं मांडायचा हे ठरवण्याचा अधिकार एकट्या नवऱ्याला देणारा नियम समानतेच्या तत्त्वात बसत नाही. ते दोघांनी मिळून ठरवायचं. हा निकाल आपल्या बायकांना कोणी सांगितलाय? नांदायला बोलावण्याचं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ अजून जागेवर आहे. मात्र नांदायला जाण्याचा हुकूम मोडला एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला. छप्पर मिळालं. ते कुठल्या गावात असावं, हे ठरवण्यात तिचा वाटा अजून मिळायचा आहे.

"नवऱ्याला तरी कुठं निवड असते? नोकरी नेईल तिकडं जावं लागतं," असंही म्हणतील. खरं आहे, गरिबाला निवड कमीच असते. पण त्याच्या मागं निदान त्याची नोकरी असते. तिच्या मागं त्याची नोकरी असते. हा फरक आहे. आणि निवृत्तीनंतर तर नोकरीही नाही. मग डायरी त्याच्याच हातात कशी?

"असं केलं तर संसार मोडतील" म्हणणाऱ्यांना आपल्याच वऱ्हाडातलं उदाहरण द्या. १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. त्यांच्या वडिलांनी घरजावई केला होता. ताराबाईंचं गाव सुटलं नाही. एवढ्यानं लेखणी हाती येते असं नाही, पण पाच वेळा बिऱ्हाड हलवणारीच्या हातात ती किती टिकली असती, याचा विचार करावा.

आपल्या घरातलंच

आणि आपण, चळवळीतल्या बायकांनी तरी हा प्रश्न घेतलाय का? मारहाण घेतली, हुंडा घेतला, सातबाऱ्यावर नाव घेतलं. पण गट उभा राहतो, चांगली कार्यकर्ती तयार होते, तिचं लग्न ठरतं, आपण साडी-चोळी करून तिला निरोप देतो. ती का जाते आणि तो का येत नाही, हे आपणही विचारत नाही. वर्गणीदारांच्या यादीतले किती पत्ते लग्नानं बदलतात ते मोजून बघा.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपण राहिलेल्या गावांची नावं फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर लिहावं : कोणी ठरवलं? पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांत कोण कोणाच्या गावी जातं, याची आपल्या जिल्हा परिषदेत माहिती मागावी. उष्णतेच्या आराखड्यात स्वयंपाकघर आणि शेतमजूर बाईची बुडालेली मजुरी या दोन गोष्टी घालायला लावाव्यात. नळाची वेळ ठरलेली आणि जाहीर असावी, ती मध्यरात्रीची नसावी, हे महापालिकेकडं धरून बसावं. बाईच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीपुरतं नाव तिचं आणि निवड त्याची, असं होऊ देऊ नये. आणि परित्यक्ता, विधवा, एकटी बाई खोली मागायला आली की "मालक काय करतात?" असं विचारणाऱ्या घरमालकांना आपणच जाऊन भेटावं. कारण खरं म्हणजे आपलं गाव आपण निवडणारी बाई आज कोण असेल, तर तीच आहे. आणि तिलाच कोणी घर देत नाही.

त्या दिवशी निघताना मी वहिनीला पुन्हा विचारलं. या वेळी ती हसली नाही. हात पुसले, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जिथं माह्या त्या पापडवाल्या बाया हायेत, तिथं."

ते गाव डायरीत नव्हतं. ते ना अकोला, ना अमरावती. मी बैठकीत जाऊन त्या डायरीत तिसरा रकाना आखला आणि वर ते नाव लिहिलं. घरधनी जरा रागावले. रागावू देत. आता पुढचं वहिनी बघेल.