कर्ज बदलताना सही कोणाची?

सावकार 'शेकडा पाच' म्हणतो तो दर महिन्याचा असतो. वर्षाचे होतात 60 टक्के. 20,000 रुपयांवर दरमहा 1,000 रुपये व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. बचत गटाने तेवढीच रक्कम शेकडा दोनने दिली, तर पहिल्या महिन्याचे व्याज 400 रुपये. तेव्हा महाग कर्ज फेडण्यासाठी स्वस्त कर्ज काढणे शहाणपणाचेच. क्रेडिट कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या कार्डावर नेणारेही हेच करतात.

मात्र गटाचे पैसे मिळतील त्याच दिवशी सावकाराचे खाते मिटवावे, कागद परत घ्यावा. वाचलेले 600 रुपये मुद्दलात भरावेत. मायक्रोफायनान्सचे कर्जही असे मिटवता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार ते मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही.

पण आणखी एक गोष्ट बदलते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. सावकाराचे कर्ज पुष्कळदा नवऱ्याच्या नावावर असते, गटाचे मात्र बाईच्या. व्याज कमी होते आणि देणे तिच्या अंगावर येते. त्याच्या दारूचे, लग्नातल्या मानपानाचे कर्ज तिने का फेडावे? हा प्रश्न गटाच्या बैठकीत उघडपणे विचारला गेला पाहिजे. हप्त्यात नवऱ्याचा वाटा किती, हे सहीआधी ठरवून लिहून घ्यावे. आणि जी बाई सही करायला नकार देईल, तिच्या पाठीशी गटाने उभे राहावे.