गणित सुटेल लेण्यात

सहावीच्या इतिहासातला प्रकल्प बहुतेकदा हडप्पाची चित्रे वहीत चिकटवून संपतो. पंचवटीतल्या शाळांच्या ग्रंथालयांनी याहून मोठे काम हाती घ्यावे.

साधने हाकेच्या अंतरावर आहेत. नदीपलीकडच्या जुन्या नाशकात ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात तर चक्क व्याजाचे गणित कोरलेले आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणीकडे २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले; त्यातून पावसाळ्यात लेण्यात मुक्कामाला (वर्षावासाला) असलेल्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. वर्षाचे व्याज २४०, वाटपही २४०! हा ताळा मुलांनाच जुळवू द्यावा.

मग खरे प्रश्न सुरू होतात. राजाच्या जावयाने ठेव विणकरांकडेच का ठेवली? श्रेणी म्हणजे काय? उत्तरासाठी वा. वि. मिराशींचा सातवाहन-क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचा मराठी ग्रंथ कपाटातून काढावा लागेल.

शाळांनी एवढेच करावे: ग्रंथालयाच्या दोन तासिका सलग द्याव्यात, लेण्यांची एक फेरी ठरवावी आणि गुण सजावटीला न देता मुलांनी शोधलेल्या पुराव्याला द्यावेत.