वर घर, खाली दुकान, पण कुणाचे?

जुने चित्रपटगृह बंद पडले की त्या जागी काय उभे राहणार, याचा अंदाज पुणेकर चहाचा कप संपण्याआधी बांधतो. मॉल बंद पडला तर काय करायचे, हा प्रश्न मात्र पंचवीस वर्षांपूर्वी कुणाला सुचलाही नसता. आज तो विचारावा लागतो. ‘नाइट फ्रँक’ या मालमत्ता सल्लागार संस्थेने २०२३ साली देशातील आठ मोठ्या शहरांचा आढावा घेतला, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेले ६४ मॉल निघाले. अशा ओस इमारतींच्या जागी वर फ्लॅट आणि खाली दुकाने काढावीत, हा विचार आता मूळ धरतो आहे. विचार चांगला आहे. पण ती खालची दुकाने कुणाची, हे आधी ठरले पाहिजे.

मॉल ओस पडण्याचे खापर सगळेजण घरपोच खरेदीवर फोडतात. ते अर्धेच खरे आहे. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याला आत जायला साठ रुपये मोजावे लागत. दुकानात शिरण्यासाठी पैसे! तो नियम लवकरच गेला, मॉलचे नाव बदलले, मालक बदलले, आणि गजबज ओसरली. आमच्या मांजरीहून मुंढव्यामार्गे निघाले की लागणारा कोरेगाव पार्क प्लाझा २०१२ साली उघडला, नव्या मालकाच्या नव्या नावाने चालला, बंद पडला आणि २०२३ मध्ये ‘कोपा’ म्हणून पुन्हा उभा राहिला. त्याच वेळी मगरपट्ट्याजवळचे अॅमनोरा आणि सीझन्स एकमेकांच्या शेजारी असूनही रविवारी तेथे गाडी लावायला जागा मिळत नाही. घरपोच खरेदी तर सगळीकडे सारखीच आहे. मग एक चालतो आणि दुसरा बसतो, तो का?

बँकेत असताना अशा प्रकल्पांची कागदपत्रे पाहण्याचा योग पुष्कळदा आला. मॉल दोन तऱ्हेचे असतात. एकात सगळ्या जागेचा मालक एकच, तो दुकाने भाड्याने देतो. भाड्याचा काही भाग अनेकदा विक्रीवर ठरतो, म्हणून दुकान चालावे ही मालकाचीही गरज असते. दुसऱ्यात बांधणारा गाळे सुटे विकून मोकळा होतो. मग एक गाळेवाला कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहतो, दुसरा गोदाम करतो, तिसरा देखभालीचे पैसे थकवतो. आधी सरकता जिना थांबतो, मग वातानुकूलन, मग गिऱ्हाईक. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये हजारावर सुटे गाळे होते. कारभार बिघडून प्रशासक नेमावा लागला. मार्च २०२१ मध्ये तेथे आग लागली आणि त्याच इमारतीतल्या रुग्णालयातील रुग्णांचे जीव गेले. सुट्या मालकीची किंमत कुठवर जाते, ते तेव्हा दिसले.

हे गाळे घेणारे कोण असत? स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेला कारखान्यातला कामगार, मुलीच्या लग्नानंतर उरलेले पैसे गुंतवणारे शिक्षक, पेठेतल्या दुकानाचा वाटा विकून आलेला धाकटा भाऊ. ‘दरमहा भाडे घरबसल्या’ या वाक्यावर त्यांचा विश्वास असे. मॉल पाडून फ्लॅट बांधायची वेळ येते, तेव्हा नफा वरच्या मजल्यांत असतो आणि हा गाळेवाला वाटेतला अडथळा ठरतो. पडत्या भावात त्याचा कागद घेतला जातो. नवी दुकाने नव्या दराने दुसऱ्यालाच मिळतात.

याला उत्तर परदेशातून आणायला नको, ते आमच्या शेजारीच आहे. मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली नाही. एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाले. उसाच्या शेतकऱ्याला जे जमले, ते गाळेधारकाला का जमू नये? बंद मॉलच्या गाळेधारकांनी आपापला कागद एका कंपनीत घालावा, नव्या इमारतीच्या दुकानांची मालकी त्या कंपनीकडे राहावी आणि भाडे क्षेत्रफळाप्रमाणे वाटले जावे. मालक एक झाला, म्हणजे जिना कुणी दुरुस्त करायचा हा वाद संपला. बँकांनीही कर्ज देताना ही अट घालायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट दाराची. मॉल रस्त्याकडे पाठ करून बसतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांत पुढे दुकान, मागे-वर बिऱ्हाड, आणि फळीवरून थेट रस्त्याशी बोलणे. मॉलचा जनक समजला जाणारा व्हिक्टर ग्रुएन यालाही हेच हवे होते. १९५६ साली अमेरिकेत त्याने साउथडेल बांधले, तेव्हा त्याच्या आराखड्यात दुकानांच्या भोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग होती. बांधला गेला तो फक्त बाजार. आज तेथे मॉलच्या आवारात घरे उभी राहत आहेत, ती साठ वर्षे उशिरा.

पुण्यात १८८६ साली रे मार्केट उघडले. नगरपालिकेचे सदस्य असताना त्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई आहे, आणि चालू आहे. कारण मालक एक, विक्रेते अनेक, गाळे लहान आणि आत यायला कुणाला काही दाखवावे लागत नाही.

मांजरी बुद्रुक २०२१ साली महापालिकेत आले. येथील उपबाजारात शेतकरी स्वतः भाजी विकतो, आणि शेजारी रोज नवे मजले चढतात. त्या मजल्यांखालच्या दुकानांत मेथीची जुडी, चप्पल शिवणारा, इस्त्रीवाला यांना जागा नसेल, तर तेही मॉलच, फक्त डोक्यावर बिऱ्हाड घेतलेले. महापालिकेने अशा प्रकल्पांना परवानगी देताना दोनच अटी घालाव्यात: तळमजल्याचे शटर रस्त्यावर उघडेल, आणि जुन्या गाळेधारकाचे नाव नव्या यादीत पहिले असेल. बाकी मजले किती, हे विकसकाने ठरवावे.