तिसरा हात

या सदराच्या जुन्या वाचकांना आमचे चिरंजीव ठाऊक आहेतच. दिवाळीच्या सुटीत पोराने मातीचा किल्ला करावा, त्यावर अळीव पेरावेत, एवढीच आमची अपेक्षा. त्याप्रमाणे माती आणलीही होती. पण यंदा मामाने त्याला विमानाच्या सुट्या भागांची पेटी दिली आणि माती गॅलरीतच पडून राहिली.

विमान 'नॅट'. १९६५ च्या युद्धात सेबर विमानांशी झुंजले ते. मुळातच चिमुकले, पंखांचा पसारा पावणेसात मीटरही नाही. त्याचा बहात्तरावा हिस्सा म्हणजे नऊ सेंटिमीटरांहून थोडा अधिक! चाकांवरची झाकणे तर चिवड्यातल्या डाळ्याहूनही लहान.

"बाबा, एवढं धरा," चिरंजीव म्हणाले. मी श्वास रोखून पंख धरला. हा गोंद नुसता चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या कडा विरघळवून एकजीव करतो, आणि त्या सुकेपर्यंत भाग तसूभरही हलता कामा नये. गोंद फटीतून माझ्या बोटाखाली आला आणि अंगठ्याची रेषा न् रेषा पंखावर उमटली. मग सौ.च्या पेटीतला चिमटा घेतला. जरा अधिक दाबताच झाकण टण्णकन उडाले. आम्ही तिघे अर्धा तास जमिनीवर रांगत होतो. ते शेवटी केरात सापडले.

"आजोबा, तुम्ही धरा ना!"

खोलीत सगळे एकदम गप्प झाले. नानांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. पण आता त्यांचा हात इतका कापतो, की चहा आम्ही अर्धा कपच देतो. गेल्या पाच वर्षांत त्यांनी हत्याराला हात लावलेला नाही. मी घाईने म्हणालो, "अरे, त्यांना कशाला..."

"धरायचं कशाला?" नाना म्हणाले. "हातानं धरायचंच नाही. माझी पेटी आण."

पेटीतून मधमाशांच्या मेणाचा गोळा निघाला. उदबत्तीच्या काडीच्या टोकाला कणभर मेण. ते टेकवले की भाग अलगद उचलला जातो. "चिकटवायच्या कडेला मात्र मेण लागू देऊ नकोस." काडी रोवायला किल्ल्याच्या मातीचा गोळा आला. पंख जुळवून कपड्यांचे चिमटे लावले, वर रबराचे वेढे दिले. बारीक भाग चौकटीतून तोडण्याआधीच रंगवायचे ठरले. "आणि मनगट टेबलावर टेक. अधांतरी हात कुणाचाही कापतो."

नातू कामाला लागला. मी हळूच विचारले, "नाना, दुकानातही असंच करत होता?"

"दुसरं काय करणार? तिशीतच हात कापायला लागला होता. गिऱ्हाइकाला कळलं असतं तर घड्याळ दिलं असतं का कुणी?"

शाळा सुटल्यावर रोज त्या दुकानात बसून मी गृहपाठ केलेला आहे. काउंटरला टेकलेली त्यांची मनगटे रोज पाहिलेली आहेत. एम.ए. होऊनही मला एवढे वाचता आले नव्हते.

नरकचतुर्दशीला पहाटे उटण्यासाठी नानांना उठवायला गेलो, तर अंथरूण रिकामे. ते टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून, दोन्ही मनगटे टेकवून. मातीच्या गोळ्यात रोवलेल्या काडीवर चाकाचे झाकण होते.

"थांब जरा," ते मान न वळवता म्हणाले, "टेबल हलवू नकोस."