अपराइट किलोच्या भावाने विकू नका!

व्हिडिओत घाईत राहून गेलेला मुद्दा इथे लिहितो.

इंग्लंडमध्ये लोक घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची स्पोर्ट्स कार बांधतात. हेन्सच्या 2007 च्या पुस्तकावरून बनणाऱ्या रोडस्टरला जुन्या फोर्ड सिएराचे भाग लागतात. मागचा अपराइट मात्र प्लेट कापून, वेल्ड करून बनवायचा. अपराइट म्हणजे चाकाचा हब आणि विशबोन जोडणारा भाग. ब्रेक, वळण, खड्डा, सगळ्याचा दणका तोच खातो.

आपल्याकडे बाहा स्पर्धेच्या कॉलेज टीम असे भाग वर्कशॉपमधून करून घेतात. तुमच्याकडे असं काम आलं, तर स्टील थोडंसंच बघून लगेच किलोचा दर सांगाल. तिथेच फसाल, असं माझं स्पष्ट मत आहे. वेल्ड थंड होताना प्लेट ओढली जाते. बोल्टची भोकं जराशी सरकली की चाक तिरकं बसतं, टायर एका बाजूने झिजतो. म्हणून आधी जिग. त्यावर सगळं आवळायचं, टॅक मारायचे, आलटून-पालटून वेल्ड करायचं, थंड झाल्यावरच सोडायचं. आणि डावा-उजवा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात बरं का. घाईत दोन्ही डावेच बनतात!

जिगला दोन दिवस गेले तर ते कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. गिऱ्हाईक कुरकुरेल, कुरकुरू दे. पण वेल्डची तपासणी गाळून दर पाडू नका. तो भाग तुटला तर चाक निखळेल, आणि गाडीत कुणाचा तरी मुलगा बसलेला असेल.

दुसऱ्या जोडीला जिगचे पैसे लावायचे का, ते पुढच्या व्हिडिओत.