यंत्राचा मालक कोण, आणि किल्ली कोणाच्या हाती?

भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवार हा साप्ताहिक सुटीचा वार. शुक्रवारी पहिल्या पाळीला शटर वर जाते, मेन चालू होते आणि नव्या आठवड्याचे काम सुरू होते. अशा एका शुक्रवारची कल्पना करावी. चाकणच्या एखाद्या मोठ्या मोटार कारखान्यासाठी सुट्या भागांचे जॉबवर्क करणारी सातआठ माणसांची एक शेड. तिच्यातील जुन्या मिलिंग मशीनला लिनक्सवर चालणारा संगणक जोडलेला आहे. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, पण मशीन हुकूम ऐकत नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेले यंत्र शुक्रवारी सकाळी मुके झालेले असते. एकही भाग तुटलेला नाही, एकही तार जळलेली नाही. मालक यंत्र पुरविणाऱ्याला फोन करतो. 'आमचा इंजिनियर सोमवारी येईल' असे उत्तर मिळते. तोपर्यंत ऑपरेटर बसून आणि माल अडकून. कंत्राटी कामगाराला या बसल्या दिवसांची मजुरी मिळेलच याची शाश्वती नाही.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक समजून तज्ज्ञांवर सोपवून द्यावा, असे पुष्कळांना वाटेल. परंतु उत्पादनाची साधने कोणाच्या ताब्यात आहेत, हा ज्यांच्या विचाराचा मूळ प्रश्न आहे, त्यांना तो असा सोडून देता येणार नाही. त्यासाठी प्रथम बिघाडाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरच्या प्रत्येक उपकरणाशी कसे बोलावे हे या गाभ्याला मुळात ठाऊक नसते. त्यासाठी उपकरणागणिक एक लहान प्रोग्रॅम लागतो. त्याचे नाव ड्रायव्हर. लिनक्समध्ये हे ड्रायव्हर बहुधा सुट्या तुकड्यांच्या, म्हणजे मॉड्यूलच्या स्वरूपात असतात आणि संगणक सुरू होताना गरजेप्रमाणे गाभ्याला जोडले जातात. ही जोडणी झाली नाही की उपकरण जागच्या जागी असून नसल्यासारखे होते.

जोडणी न होण्याची कारणे मोजकीच आहेत. सर्वांत सामान्य कारण हे की, सुटीपूर्वी संगणकाने आपण होऊन नवा कर्नल उतरवून घेतलेला असतो आणि पुन्हा सुरू होताना तो त्या नव्या कर्नलवर उठतो. ड्रायव्हर मात्र जुन्या कर्नलसाठी बांधलेला असतो, आणि एका आवृत्तीसाठी बांधलेले मॉड्यूल दुसरी आवृत्ती सहसा स्वीकारत नाही. दुसरे कारण, हे मॉड्यूल ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर अवलंबून आहे तेच गैरहजर असते. तेव्हा नोंदीत 'अननोन सिम्बॉल' अशी तक्रार उमटते. तिसरे, संगणकात सिक्युअर बूट चालू असते आणि मॉड्यूलवर मान्य सही नसते. तेव्हा 'की वॉज रिजेक्टेड' असा नकार येतो. चौथे, मॉड्यूलचे नाव बंदीच्या यादीत असते, किंवा दुसऱ्याच ड्रायव्हरने ते उपकरण आधी बळकावलेले असते. मिलिंग मशीन ज्या पॅरलल पोर्टला जोडायचे तो प्रिंटरच्या ड्रायव्हरने धरून ठेवावा, हा या क्षेत्रातील जुना अनुभव आहे. पाचवे, मॉड्यूल जोडले जाते, परंतु उपकरणात भरावयाचे फर्मवेअर सापडत नाही.

यांतील कोणते कारण आहे हे ओळखणे अवघड नाही. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली की कर्नलने सुरुवातीपासून लिहिलेली नोंदवही पडद्यावर येते. 'मॉडप्रोब' या आज्ञेने तेच मॉड्यूल हाताने जोडून पाहावे; अर्थात तत्पूर्वी मशीनच्या मोटारीची वीज तोडलेली असावी. हाताने जोडले जाते पण सुरुवातीला आपोआप जोडले जात नाही, असे आढळले तर दोष मॉड्यूलमध्ये नसून सुरुवातीच्या यादीत किंवा क्रमात आहे. हातानेही जोडले जात नसेल तर नकाराचे कारण नोंदवहीत लिहिलेले असते. त्या दिवसाचे काम तर बहुधा याहूनही सोप्या मार्गाने सुटते: संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नल निवडायचा. तो सहसा पुसलेला नसतो. पाळी वाया जात नाही, आणि खरी दुरुस्ती सवडीने करता येते.

आयटीआयमधून बाहेर पडलेला कोणताही चुणचुणीत फिटर किंवा इलेक्ट्रिशियन हे काही दिवसांत शिकू शकेल. मग यंत्र सोमवारपर्यंत बंद का राहते? याचे उत्तर तंत्रशास्त्रात सापडत नाही. ते मालकी हक्काच्या व्यवस्थेत सापडते.

ड्रायव्हर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात ड्रायव्हरचा मूळ लेख कर्नलच्या सार्वजनिक भांडारात ठेवलेला असतो. लिनक्सच्या गाभ्याची अंतर्गत रचना वारंवार बदलते. तिच्या स्थैर्याची हमी मुद्दामच दिली जात नाही. परंतु भांडाराचा शिरस्ता असा की, जो रचना बदलतो त्याने त्या बदलामुळे मोडणारे भांडारातील सर्व ड्रायव्हरही सुधारून द्यावयाचे. अर्थशास्त्राच्या भाषेत, बदलाचा खर्च बदल करणाऱ्यावर पडतो. दुसऱ्या प्रकारात पुरवठादार ड्रायव्हर स्वतःच्या कुलपात ठेवतो आणि गिऱ्हाइकाला फक्त बांधलेला, न वाचता येणारा तुकडा देतो. गाभा बदलला की तो तुकडा निकामी होतो, आणि दुरुस्त करण्याचे सामर्थ्य जगात एकाच ठिकाणी उरते. येथे खर्च त्या शेडवर आणि तिच्यातील कामगारावर लोटला जातो. यंत्राची पूर्ण किंमत फेडूनही मालक त्याचा कुळच राहतो आणि दरसाल देखभालीच्या कराराच्या रूपाने खंड भरीत असतो. शेतजमिनीच्या बाबतीत ज्या प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात लढे झाले, तीच प्रथा येथे नव्या वेषात उभी आहे.

या प्रश्नाला आपल्या देशात इतिहास आहे. आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतात जुनी, वापरून झालेली यंत्रे भाड्याने देत असे. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती कंपनीची, ज्ञानही कंपनीचे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील हिस्सा कमी करण्यास तिने नकार दिला, आणि जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, तिने येथील कारभार आवरला. आता देशातील संगणक बंद पडणार, असे भाकीत त्या वेळी वर्तविले गेले होते. ते खोटे ठरले. कारण मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने अंगावर घेतली आणि भारतीय तंत्रज्ञांनी ती पार पाडली. त्यापासून घ्यावयाचा धडा असा की, परकीय कंपनी घालविणे हा अर्धा विजय असतो; दुरुस्तीचे ज्ञान आपल्या माणसांच्या हाती येते तेव्हा तो पूर्ण होतो. पुढे २००१ मध्ये सरकारने या कंपनीतील बहुसंख्य भाग टाटा समूहाला विकले आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सीमध्ये विलीन झाली. दुरुस्तीच्या ज्ञानासाठी उभारलेली एक सार्वजनिक संस्था अशा रीतीने इतिहासजमा झाली. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या रूपाने औषधनिर्मितीचे ज्ञान सार्वजनिक क्षेत्रात आणले गेले, तेथील कार्यकर्त्यांना याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान खुले राहिले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. तेथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात यंत्रनियंत्रणाचा एक प्रोग्रॅम तयार केला. सरकारी काम म्हणून तो सर्वांना खुला होता. त्यातूनच आजचा लिनक्ससीएनसी वाढला, आणि जगभरच्या लहान वर्कशॉपांना भंगारात जाणारे लेथ व मिलिंग पुन्हा कामाला लावता आले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. कोणीही कोणतेही मॉड्यूल गाभ्यात घुसवू लागला तर यंत्राची सुरक्षितता काय राहील? गाभ्यात शिरलेला दुष्ट प्रोग्रॅम संगणकाचा सर्व ताबा घेऊ शकतो. २०१२ पासून लिनक्समध्ये मॉड्यूलवर सही करण्याची सोय झाली ती याच भयापोटी, आणि सिक्युअर बूट हे थोतांड नाही. ते बंद करून टाकावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो आळशी सल्ला आहे. परंतु सही असावी हे मान्य केल्यानंतर खरा प्रश्न उरतो तो, सही कोणाची? संगणकाच्या बहुतेक पाट्यांवर कारखान्यातूनच मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या बसवून येतात. तरीही व्यवस्थेत एक दार ठेवलेले आहे. यंत्राचा मालक स्वतःची किल्ली तयार करू शकतो, तिने मॉड्यूलवर सही करू शकतो आणि ती किल्ली यंत्रात नोंदवू शकतो. या किल्लीचे नावच 'मशीन ओनर की', म्हणजे यंत्रमालकाची किल्ली, असे आहे. ती नोंदविताना पुढच्या वेळी संगणक सुरू होताच एक निळा पडदा येतो आणि यंत्रासमोर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाकडे परवलीचा शब्द मागतो. दूरच्या कचेरीतून तेथे उत्तर देता येत नाही. सुरक्षितता आणि स्वामित्व यांत विरोध नाही, हे सिद्ध करण्यास एवढे पुरेसे आहे. दुर्दैव हे की, तो पडदा आला असता पहिल्या पाळीच्या माणसाला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो, आणि तो पुढे जाण्याचे बटण दाबून मोकळा होतो.

तेव्हा करावयाचे काय? कायद्याचे एक हत्यार आजही हाती आहे. लिनक्सचा गाभा जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिलेला आहे. जो तो आपल्या यंत्रात घालून विकतो, त्याने गाभ्याचा मूळ लेख सोबत द्यावा किंवा किमान तीन वर्षे मागेल त्यास देण्याचे लेखी अभिवचन द्यावे, असे बंधन त्यात आहे. हे बंधन कागदी नाही. २००४ साली म्युनिक येथील न्यायालयाने एका कंपनीविरुद्ध ते उचलून धरले. लघुउद्योजकांच्या संघटनांनी यंत्र घेतानाच ही मागणी लेखी करावी, आणि ड्रायव्हरचा मूळ लेख मिळेल ही अट खरेदीच्या करारात घालावी. एकटी शेड मागेल तर तिला कोणी दाद देणार नाही. शंभर शेडनी एकत्र मागितले तर द्यावी लागेल.

दुसरे, दुरुस्तीच्या हक्काची कक्षा वाढली पाहिजे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे प्रथम विचारात घेतली. लहान कारखान्यातील यंत्र त्यांत नव्हते. ज्या यंत्रावर कुटुंबाची रोजी चालते त्याच्या दुरुस्तीचा हक्क धुलाईयंत्राच्या हक्काहून कमी महत्त्वाचा कसा, हे राज्यकर्त्यांना विचारले पाहिजे.

तिसरे, कामगार संघटनांनी ज्ञानाचा प्रश्न मागणीपत्रात आणला पाहिजे. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोमधील कामगारांनी प्रत्येकी ५०० शेअर एक रुपया दराने मागितले, तेव्हा अनेकांना ती मागणी विक्षिप्त वाटली. परंतु वेतनापलीकडे जाऊन मालकीला हात घालण्याचा तो प्रयत्न होता. यंत्राच्या नोंदी वाचण्याचे शिक्षण, यंत्राची कागदपत्रे पाहण्याचा अधिकार आणि यंत्राच्या दोषाने बसावे लागलेल्या दिवसांची पूर्ण मजुरी, या मागण्या त्याच जातीच्या आहेत. शेवटची मागणी कंत्राटी कामगारासाठी सर्वांत निकडीची आहे.

चौथे काम कोणाकडे न मागता करता येण्याजोगे आहे. केरळने शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण रुजवून दाखविले आहे. या पट्ट्यातील अभ्यासमंडळांना आणि संघटनांच्या कचेऱ्यांना गुरुवारची सुटी आहेच. एक जुना संगणक, एक जाणता शिक्षक आणि दहा तरुण कामगार एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू होऊ शकतो. नोंदवही वाचणे, जुन्या कर्नलवर परत जाणे, मॉड्यूल पुन्हा बांधणे, स्वतःची किल्ली तयार करून नोंदविणे, इतके त्याला आले की पुढच्या शुक्रवारी सोमवारची वाट पाहावी लागणार नाही.