तांब्याभर पाणी

शहरातल्या पाहुण्यांना आमचं बोर्ली पंचतन हल्ली पुरत नाही. (दुसरी बोर्ली मुरूड तालुक्यात आहे, ती बोर्ली मांडला. काही पाहुणे तिथे उतरून मला फोन करतात, पण ते जाऊ द्या.) आमच्याकडे एसटी येते, दुकानं आहेत, मोबाइल लागतो, म्हणजे खेडं म्हणून आम्ही नापास! दिवेआगरचा समुद्र एका दिवसात बघून होतो. दुसऱ्या दिवशी मंडळी पाठीवर पिशव्या चढवतात आणि म्हणतात, "चला, आज खरं खेडं बघू."

खरं खेडं डोंगरात असतं. घाम निघेपर्यंत चढलं की एक वाडी लागते. तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसं जातील आणि पन्नासही जणं पहिल्याच घरात शिरून विचारतील, "मावशी, जरा पाणी मिळेल का?"

माझं भांडण आहे ते या सभ्य वाक्याशी.

कोकणात धो धो पाऊस पडतो हे आपण शाळेत शिकलो. तो उतारावरून थेट समुद्राला जाऊन मिळतो, हे वाडीतल्या बायका शिकल्या. एप्रिल उजाडला की ओढ्यातल्या खड्ड्याशी पहाटेच्या अंधारात जाऊन बसायचं, झिरपलेलं पाणी करवंटीने हंड्यात भरायचं आणि हंडा डोक्यावर घेऊन चढायचं. वाडीत नळ आलेला आहे; पाणी मागाहून येणार आहे. तूर्त त्याच्यावर टॉवेल वाळतो.

आता हिशेब करा. हंड्यात फार तर पंधरा लिटर पाणी. आमचे पाहुणे सहा. प्रत्येकी दोन तांबे प्याले, मग बाटल्या भरल्या, एकाने तोंड धुतलं आणि उरलेल्यात बूट! काकींची पहाट गेली त्या बुटावर.

त्यावर जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. "काय हे साधं, सुखी जीवन!" असं प्रत्येकाने एकेकदा म्हटलं. काकींचे दोन्ही मुलगे हे सुखी जीवन सोडून मुंबईला कारखान्यात का गेले, ते कोणी विचारलं नाही. एकाला मात्र घराचा फोटो पसंत पडेना. म्हणाला, "कौलं हवी होती हो, पत्रा कसासाच दिसतो." अहो, कौलं ३ जून २०२० ला निसर्ग वादळात उडाली! फोटोसाठी ती परत बसवायची राहून गेली खरी.

निघताना एकाने शंभराची नोट पुढे केली. काकी म्हणाल्या, "नको नको, पानी-भाकरीचं कुठं पैसे घेत्यात?" नोट ज्या वेगाने खिशात परत गेली तो वेग चढताना कुठे होता, कोण जाणे! खाली उतरेपर्यंत "काय निर्मळ माणसं!" हे चालूच. शहरात हीच माणसं पार्किंगवाल्याने नको म्हटलेलं ऐकून गाडी हाकतील का? नको म्हणणं ही रीत आहे. लग्नातला आहेरही आपण तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेतो. तेव्हा नोट ताटाखाली ठेवा, पोराच्या हातात द्या, नाहीतर खालून दोन किलो साखर घेऊन चढा. आणि पाणी आपापलं न्या! हजारो रुपयांच्या त्या पिशवीत पाण्याची बाटली मावत नसेल, तर तिच्यात भरता तरी काय?

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय खरा, पण पंधरा वर्षं मीही त्या घरी फुकटच पाणी पीत आलो. गेल्या वैशाखात लाज वाटून म्हटलं, "काकी, आज हंडा मी आणतो." आणला. डोक्यावर जमेना म्हणून खांद्यावर घेतला. वाटेत दोनदा घसरलो. दारात उतरवला तेव्हा तो निम्मा होता, आणि उरलेला निम्मा माझ्या सदऱ्यावर.

काकींनी हंड्यात वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भात्यासारखा धापा टाकत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. हंड्यात तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला.